काळीचें ऋण

मराठवाड्यांतील कोणत्याहि जुन्या खेड्यांत गेलें, तर गांवाचे दोन भाग बोलण्यांत येतात; एक पांढरी व दुसरी काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा; घरें, वाडे, देवळें, पार आणि चावडी हीं सर्व तिच्यावर उभीं असतात. काळी म्हणजे पेरणीची जमीन. आमच्या इतिहासकारांनीं आजवर जें लिहिलें, तें बहुतेक पांढरीविषयीं लिहिलें. वाडा कोणीं बांधला, गढी कोणीं लुटली, पाटीलकीचा तंटा कोणाकोणांत झाला, याचे कागद आम्ही जिवापाड जपतों. परंतु ज्या काळीवर ही पांढरी पिढ्यान् पिढ्या जगली, त्या काळीचें गेल्या तीनचारशें वर्षांत काय झालें, तिच्यांतून काय गेलें आणि तिला परत काय मिळालें, याचा जमाखर्च मांडण्याची चाल आपल्याकडे नाहीं. तो मांडण्याचा अल्पसा प्रयत्न प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

या विचारास निमित्त झालें तें टेंभुर्णीचें. टेंभुर्णी म्हटली कीं पुष्कळांस सोलापूर जिल्ह्यांतील हमरस्त्यावरचें गांव आठवतें. आम्हांस अभिप्रेत असलेली टेंभुर्णी ती नव्हे. ही जालना जिल्ह्यांत, जाफराबाद तालुक्यांत आहे. टेंभुर्णी हें विड्यांचीं पानें देणाऱ्या एका रानझाडाचें नांव. ज्या गांवाला तें पडलें, तेथें एके काळीं त्या झाडाचें रान असलें पाहिजे, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. आज त्या बाजूस दृष्टि टाकली तर कापूस, सोयाबीन, मका व तूर यांचीं शेतें लांबवर पसरलेलीं दिसतात. रान उरलें आहे तें गांवाच्या नांवांत.

अलीकडे शेतीविषयक सभांतून ‘पुनरुज्जीवक शेती’ हा शब्द वारंवार ऐकूं येतो. जमीन शक्य तितकी न उलटतां पेरणी करावी, तिच्यावर सदैव कांहीं तरी आच्छादन ठेवावें, पिकांची अदलाबदल करावी, शेणखत व कंपोस्ट घालावें, आणि गुरें व झाडें यांस शेतींत पुन्हां जागा द्यावी, हीं तिचीं मुख्य अंगें होत. आफ्रिकेंतील लहान शेतकऱ्यांत तिचा प्रसार व्हावा म्हणून मोठमोठ्या संस्था खटपट करीत आहेत, आणि तीच खटपट आपल्याकडेहि चालू आहे. ही विद्या परदेशांतून आली, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, आणि लहान शेतकऱ्यांत तिचा प्रसार नेमका कशानें अडतो, या दोन प्रश्नांचीं उत्तरें, आमच्या मतें, काळीच्या इतिहासांतच सांपडतात.

आफ्रिका आणि हा मुलूख यांचा संबंध आजचा नाहीं. हबसाणांत १५४८ च्या सुमारास जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर हा पुढें निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० सालीं त्यानें खडकी वसविली. तीच पुढें औरंगाबाद व आज छत्रपति संभाजीनगर झाली. त्यानें तेथें आणलेली पाण्याची नहर प्रसिद्ध आहे. परंतु काळीच्या दृष्टीनें त्याचें मोठें काम निराळें होतें. सारावसुली इजाऱ्यानें देण्याची चाल मोडून जमिनीचा मगदूर व प्रत्यक्ष उत्पन्न पाहून सारा ठरविण्याची पद्धति त्यानें घातली, आणि १६२६ सालीं तो वारल्यावरहि दक्षिणेंत त्या पद्धतीचें नांव पिढ्यान् पिढ्या निघत राहिलें. इजारदाराला यंदाच्या पिकाशीं कर्तव्य असतें. पुढच्या वर्षाच्या जमिनीशीं नसतें. ज्याला पुढच्या वर्षाची शाश्वति नाहीं, तो जमिनीला खाऊं घालीत नाहीं. तो तिला खातो. एका आफ्रिकी पुरुषानें आमच्या मुलखांत ओळखलेली ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. लेखाच्या शेवटीं आम्हांस तिच्याकडे परत यावयाचें आहे.

याच टापूंतील दुसरें प्रसिद्ध नांव असईचें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळणा व जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर वेलस्लीनें शिंदे व भोसले यांच्या फौजांचा मोड केला. त्या लढाईचे नकाशे इंग्लंडांतील शाळकरी मुलांसहि परिचित झाले. ज्या शेतांवर ती झाली त्यांत त्या वेळीं काय उभें होतें, याची वास्तपुस्त मात्र कोणीं केली नाहीं. लढाईनंतर हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं गेला आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेंच राहिला. पुढें १९५६ सालीं तो द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. आणि १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद जिल्ह्यांतून जालना जिल्हा वेगळा काढण्यांत आला. राज्यें बदललीं, हद्दी बदलल्या. आतां काळीकडे वळूं.

ही काळी माती लाव्हारसाच्या खडकापासून झालेली आहे. तिच्यांतील चिकणमातीचा गुण असा कीं, ओली झाली कीं ती फुगते, आणि वाळली कीं आकसून तिला हात हात खोल भेगा पडतात. उन्हाळ्यांत वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते व पावसाळ्यांत जमीन फुगून पुन्हां मिटते. म्हणजे जमीन आपली उलथापालथ कांहीं अंशीं आपणच करते. आमचे जुने शेतकरी दरवर्षीं खोल नांगरट करीत नसत, वखराच्या पाळ्यांवर भागवीत, त्याचें मर्म यांत आहे. ज्वारींत तूर, कापसांत तूर, रब्बींत हरभरा, करडई व जवस अशी मिसळ ते करीत. तूर व हरभरा यांच्या मुळांवरील गांठींतील सूक्ष्म जीव हवेंतील नत्र जमिनींत आणतात, हें शास्त्र त्यांस ठाऊक नव्हतें. परंतु तुरीच्या मागें ज्वारी चांगली येते, हें त्यांनीं पाहिलें होतें. गोठ्यांतील शेण व काडीकचरा उकिरड्यावर जाई व उकिरडा वैशाखांत शेतावर. धनगरांचे कळप उतरले कीं धान्य देऊन शेतांत रात्रभर मेंढ्या बसवीत.

परंतु जुनें तें सर्व सोनें असा सूर लावण्याचा आमचा हेतु नाहीं. या पद्धतीनें काळीचा कस वाढत होता असें नव्हे. तो एका खालच्या पायरीवर येऊन स्थिरावला होता, इतकेंच. जेवढें जाई तेवढें कसेंबसें परत येई. पाऊस चुकला कीं माणसें व गुरें दोन्ही मरत; १८७६ ते १८७८ चा आणि १८९९-१९०० चा ‘छपन्या’ हे दोन दुष्काळ त्याची साक्ष देतात. मात्र या तुटपुंज्या जमाखर्चांत एक तरी गुण होता. मुदलास हात लागत नव्हता.

मुदलास हात लागला तो कापसाच्या व्यापारानें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-मराठवाड्याच्या काळीला एकाएकीं सोन्याचें मोल आलें. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली, जालना तीवरील एक स्टेशन झालें आणि तेथें सरकी काढण्याचे कारखाने उभे राहिले. यांत एक सूक्ष्म गोष्ट आहे. कापसाची रुई ही बहुतांशीं हवा व सूर्यप्रकाश यांची बनलेली. ती विकली तरी जमिनीचें विशेष जात नाहीं. जमिनींतील नत्र व स्फुरद जातें तें सरकींत. पूर्वीं रुई घरोघर हातचरकीवर निघे, सरकी बैलांच्या पुढें पडे व शेणाच्या वाटेनें शेतांत परत येई. कारखाना झाल्यावर रुईबरोबर सरकीहि गांवाबाहेर गेली. कोणीं जुलूम केला नाहीं, कोणीं लूट केली नाहीं. बाजारभावानें चोख पैसे मिळाले. तरी दरसाल काळीच्या खातीं थोडी थोडी तूट येत गेली.

ही तूट प्रथम कोणाच्या लक्षांत आली म्हणाल, तर महात्मा जोतीराव फुले यांच्या. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांनीं १८८३ सालीं सिद्ध केला. त्याची ओळख ब्राह्मण्याविरुद्धचा ग्रंथ म्हणून आहे व ती खोटी नाहीं. परंतु त्यांत मातीचा विचारहि आहे. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर शेतांत उतरून जमीन सुपीक होई, जंगलखात्यानें रानें अडविल्यावर शेतकऱ्याचीं गुरें व शेतें दोन्ही उपाशीं पडलीं, पावसाचें पाणी शेतांत मुरेल अशा ताली घालाव्या आणि त्या कामास रिकामे पलटणी व पोलीस शिपाई लावावे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. पुढच्या शतकांत ज्याला पाणलोटाचा विकास म्हणूं लागले, त्याचें बीज त्यांत आहे. त्यानंतर सरकारनें डॉ. व्होल्कर या रसायनज्ञास विलायतेहून आणविलें. त्याचा अहवाल १८९३ सालीं निघाला. हिंदी शेतकऱ्यास शेती शिकविण्याची घमेंड बाळगूं नये, त्याचें शेण चुलींत जातें कारण त्याला सरपण नाहीं, तेव्हां आधीं सरपणाच्या व वैरणीच्या राखीव रानांची सोय करावी, असा त्याचा आशय होता. अहवालाची वाहवा झाली. रानें झालीं नाहींत.

मधल्या काळांत शेतकरी लहान होत गेला. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यांतील डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळें सौदागर या गांवाची पाहणी १९१७ सालीं प्रसिद्ध केली. तींत १७७१ सालीं सरासरी ४० एकर असलेलें खातें १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचें दाखविलें आहे. ४० एकरांचा धनी दहा एकर पडीक ठेवूं शकतो. ७ एकरांच्या धन्याला बांधहि पेरावासा वाटतो. पडीक गेली, गायरान आकसलें, गुरें घटलीं आणि उकिरडा खालीं बसला.

आतां ज्याला परदेशी विद्या म्हणतात, तिचा उगम पाहूं. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ सालीं बिहारांतील पुसा येथें सरकारी नोकरीवर आला. रोगांवर औषधें शोधण्याऐवजीं निरोगी पीक कसें येतें हें तो पाहूं लागला, आणि आसपासचे शेतकरी हेच आपले प्राध्यापक, असें त्यानें मानलें. १९२४ सालीं होळकरांच्या इंदुरास त्यानें वनस्पतिसंशोधनाची संस्था उभारली. तेथील माती आपल्यासारखीच काळी व पीकहि कापसाचें. शेतांतील काडीकचरा, शेण, गुरांच्या मूत्रानें भिजलेली गोठ्यांतील माती व चुलींतली राख यांचे थर लावून, पाणी शिंपून, ठराविक दिवसांनीं तीनदां चाळवून नव्वद दिवसांत उत्तम खत करण्याची कृति तेथें सिद्ध झाली. कठीण पऱ्हाटी कुजेना, म्हणून ती शेतावरच्या गाडीवाटेवर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखालीं चुरडीत असत. ही युक्ति खेड्यांतील माणसासहि सहज साधण्यासारखी होती. १९३१ सालीं या कृतीवर जो ग्रंथ लंडनास प्रसिद्ध झाला, त्यावर दोन नांवें आहेत. एक हॉवर्डचें व दुसरें त्याचे सहकारी यशवंत वाड यांचें. पहिलें नांव जगभर झालें. दुसरें आमच्या शेतकी-विद्यार्थ्यांसहि क्वचितच ठाऊक असतें.

इंदूरची ही कृति पुढें केनियांतील कॉफीच्या मळ्यांत व ऱ्होडेशियांतील मक्याच्या शेतांत गेली. हॉवर्डचा १९४० सालचा ग्रंथ वाचून अमेरिकेंतील जे. आय. रोडेल यांनीं १९४२ सालीं सेंद्रिय शेतीचें मासिक काढलें, आणि त्यांचे पुत्र रॉबर्ट रोडेल यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ‘पुनरुज्जीवक’ हें विशेषण रूढ केलें. म्हणजे इंदुरानजीकच्या लहान शेतकऱ्यापासून निघालेली विद्या गोऱ्या मळेवाल्यांच्या हातीं आफ्रिकेंत गेली, अमेरिकेंत तिचें नवें बारसें झालें, आणि आज ती आफ्रिकेच्या व आमच्या लहान शेतकऱ्याकडे उपदेश म्हणून परत येत आहे. यांत खेद करण्यासारखें कांहीं नाहीं. विद्येला सोयरसुतक नसतें. परंतु या प्रवासांत एक गोष्ट वाटेंत सांडली. मळेवाल्यापाशीं मजूर होते, गाड्या होत्या, भांडवल होतें आणि जमिनीची शाश्वति होती. लहान शेतकऱ्यापाशीं यांतलें काय आहे, हें विचारण्याचें राहून गेलें.

तें न विचारल्याचा परिणाम दोन्ही खंडांत सारखाच झाला. केनियाच्या मुरांगा भागांत ब्रिटिश सरकारनें लोकांकडून सक्तीनें ताली घालून घेतल्या. १९४७ च्या सुमारास त्याविरुद्ध तेथें असंतोष उसळला. इकडे मुंबई इलाख्यांत १९४२ सालीं जमीनसुधारणेचा कायदा झाला व समपातळीचे बांध घालण्याचें काम पुढें मोठ्या प्रमाणावर चाललें. बांध शास्त्रशुद्ध होते. परंतु ते उताराची रेषा पाहून जात, शेताची हद्द पाहून जात नसत. दोन भावांच्या वांटणीच्या तुकड्यांतून तिरपा गेलेला बांध कोणाचा, हें कोणींच सांगेना. अनेक ठिकाणीं शेतकऱ्यांनीं ते नांगरून सपाट केले आणि सरकारी कागदांत शेतकरी अडाणी ठरला. मातीचें रक्षण करण्याच्या कामांतहि मातीच्या धन्याची संमति लागते, हा धडा दोन्हीकडे उशिरां शिकण्यांत आला.

स्वातंत्र्यानंतर जालन्याच्या काळीवर आणखी एक स्थित्यंतर आलें. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं जालना येथें ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी स्थापिली व संकरित बियाण्यांमुळें जालन्याचें नांव देशभर झालें. १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ सालीं बीटी कापसास सरकारी मंजुरी मिळाली आणि थोड्याच वर्षांत मराठवाड्याचें जवळजवळ सगळें कापूसक्षेत्र त्यानें व्यापलें. या बियाण्यांनीं धान्य व कापूस वाढविला, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु अधिक पीक म्हणजे काळीच्या खातीं अधिक उचल. ती रासायनिक खतांनीं अंशतः भरून निघाली. तथापि खताच्या गोणींतून नत्र येतें, कुजकें सेंद्रिय द्रव्य येत नाहीं. ज्वारी मागें पडली तशी कडब्याची वैरण गेली, वैरण गेली तसे बैल गेले, ट्रॅक्टर आला व दरवर्षींची खोल नांगरट आली. भर उन्हांत उघडी पडलेली माती आपलें सेंद्रिय द्रव्य हवेस देऊन टाकते. आज या टापूंत अनेक शेतांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळतो. यांतील विपर्यास पाहा. व्होल्करच्या वेळीं शेण होतें, पण तें चुलींत जाई. आतां घरोघर गॅसच्या टाक्या आल्या, चुलीला शेणाची गरज राहिली नाहीं. पण तोंवर गोठाच रिकामा झाला.

तरीहि या जिल्ह्यांत काळीच्या खातीं जमा झालीच नाहीं असें नव्हे. १९७२ च्या दुष्काळानें मराठवाडा हादरला, आणि त्याच वर्षीं परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. पुढें जालन्याजवळ खरपुडी येथें मराठवाडा शेती सहाय्य मंडळाचें कृषि विज्ञान केंद्र निघालें. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकारानें या मंडळानें १९९६ पासून जालना तालुक्यांतील कडवंची येथें जर्मनीच्या मदतीच्या पाणलोट योजनेचें काम केलें. योजनेची अटच अशी होती कीं, लोकांनीं श्रमदान करावें आणि चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी. येथें बांध शेतकऱ्याशीं बोलून घातले गेले व ते टिकले. पाणी मुरलें, विहिरींस पाझर आला, द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि शेततळीं शेकड्यांनीं झालीं. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळांत, ज्याची झळ जालना जिल्ह्यास सर्वांत अधिक बसलेल्या जिल्ह्यांप्रमाणें बसली, कडवंचीच्या बागा तगल्या, म्हणून तिचें नांव झालें. फुल्यांनीं सांगितलेली गोष्ट एकशें तेरा वर्षांनीं त्यांच्याच मराठींत खरी ठरली, असें आम्हांस वाटतें. मात्र पाणी साठविणें व माती जिवंत करणें या दोन गोष्टी एक नव्हेत. विहिरीचें पाणी उपसून शेततळें भरलें, तर तें शेजाऱ्याच्या खात्यांतून उचल केल्यासारखेंच होय. कडवंचीचें अनुकरण करणाऱ्या अनेक गांवांत हा दोष शिरला आहे.

मातीच्या बाजूनेंहि उद्योग चालू आहे. रायगड जिल्ह्यांतील नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनीं नांगरट व लावणी न करतां कायम वाफ्यांवर भात घेण्याची पद्धति बसविली. तींत मागील पिकाचीं मुळें जमिनींतच कुजूं देतात. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनीं ऊंसांत बिननांगरटीचे प्रयोग केले. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्यानें चाललेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत जालना जिल्ह्याचाहि समावेश झाला. मार्ग आहेत, माणसें आहेत. मग प्रसार मंद कां?

या प्रश्नाचें स्पष्ट उत्तर पुन्हां आफ्रिकेकडूनच मिळालें आहे. २००९ सालीं हॉलंडमधील वागेनिंगेन विद्यापीठाचे केन गिलर व त्यांचे सहकारी यांनीं, आफ्रिकेंतील लहान शेतकऱ्यांस सुचविण्यांत येणाऱ्या बिननांगरटीच्या शेतीविषयीं, आपणांस पाखंडी म्हणवून घेत, शंका मांडल्या. धसकटें व कडबा जमिनीवर ठेवा म्हणतां, मग गुरांनीं खावें काय? नांगरट बंद केली तर तण वाढतें. तें खुरपावयाचें कोणीं? घरांतील बायकांनीं. आणि कस वाढून पीक सुधारावयास कांहीं वर्षें लागतात. तोंवर पोटाची तजवीज काय? हे प्रश्न वाचतांना आम्हांस आफ्रिका दिसली नाहीं. जाफराबादचीच शेतें दिसलीं. आमच्याकडे खुरपण्याची अडचण तणनाशकानें सोडविण्यांत येते, आणि माती जगविण्याच्या पद्धतींत विषाचा डबा येऊन बसतो. हें गौण मानूं नये.

उलट, जेथें यश आलें तेथें काय घडलें तेंहि पाहावें. बुर्किना फासो देशांतील याकुबा सावाडोगो या शेतकऱ्यानें १९८० च्या सुमारास पडीक, टणक झालेल्या जमिनींत उन्हाळ्यांत खड्डे घेऊन त्यांत शेणखत भरण्याची जुनीच रीत सुधारून वापरली. वाळवीनें तें खत खाऊन जमीन पोखरली, पावसाचें पाणी मुरलें, आणि ज्वारीबाजरीबरोबर रानहि उभें राहिलें. २०१८ सालीं त्यास आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला. २०२३ सालीं तो वारला. नायजर देशांत तर झाडें लावावींहि लागलीं नाहींत. तोडलेल्या झाडांचीं खोडें जमिनींत जिवंत होतीं. १९८३ नंतर टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन गृहस्थाच्या सांगण्यावरून शेतकऱ्यांनीं त्यांचे फुटवे राखले, आणि सुमारें ५० लाख हेक्टरांवर झाडें परत आलीं. पूर्वीं तीं कां राखलीं नव्हतीं? कायद्यानें झाड सरकारचें होतें. शेतांतलें झाड आपलें आहे, असें शेतकऱ्यास वाटूं लागल्यावर तें वाढलें.

आणि हुकमानें काय होतें, याचें उदाहरण श्रीलंकेनें दिलें. २०२१ सालीं तेथील सरकारनें रासायनिक खतांची आयात एका फटक्यानें बंद केली. शेतांत शेणखताची तयारी नव्हती, भात घटला, चहा घटला, आणि त्याच वर्षीं हुकूम मागें घ्यावा लागला. उपाशी जमिनीचें एक अन्न काढून घेतां येतें; दुसरें एका हंगामांत निर्माण करतां येत नाहीं.

एवढ्यावरून आमचा निष्कर्ष असा कीं, लहान शेतकऱ्यास ज्ञान कमी पडत नाहीं. त्याला मुदत कमी पडते. मातीला दिलेलें तीन ते पांच वर्षांनीं परत मिळतें. सावकाराचें व बँकेचें देणें मात्र वर्षाच्या वर्षास असतें. आणि ज्याची जमीनच स्वतःची नाहीं, बटईनें किंवा ठोक्यानें एका वर्षापुरती घेतलेली आहे, त्यानें तिच्यांत खत कां घालावें? पुढच्या पाडव्याला ती दुसऱ्याकडे जावयाची. मलिक अंबरानें मोडलेला इजारा तो हाच. फक्त आतां इजारदार गरीब आहे.

येथें आम्हांस आमच्या वाचकांशीं थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या नांवें कोणत्या ना कोणत्या गांवीं, सातबाऱ्यावर, चारदोन एकर काळी आहे. आपण पुण्या-मुंबईस किंवा संभाजीनगरास राहतों. जमीन ठोक्यानें देतों. आणि एकच माणूस सलग कांहीं वर्षें वहिवाटीस राहिला तर तो कूळ म्हणून हक्क सांगेल, या भीतीनें दर पाडव्यास माणूस बदलतों, किंवा बदलण्याची धमकी तरी हातीं ठेवतों. ती भीति निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. हैदराबाद संस्थानांतील १९५० च्या कूळकायद्याची आठवण अनेक घरांत अद्याप ताजी आहे. परंतु त्या भीतीची किंमत कोण देतो? ठोक्याचे पैसे आपल्यास चोख पोंचतात. वहिवाटदार आपल्या कष्टाचें पीक नेतो. तूट राहते ती काळीच्या खातीं, आणि ती आपल्या सातबाऱ्यावर कोठेंहि लिहिलेली नसते. आपलीं मुलें उद्यां ती जमीन मोजून घेतील, तेव्हां एकर तेवढेच भरतील.

शेतकऱ्यांत पुनरुज्जीवक शेतीचा प्रसार व्हावा असें ज्यांस वाटतें, त्या सुशिक्षितांनीं प्रारंभ येथून करावा. चांगला वहिवाटदार पाहून त्याला निदान पांच वर्षें न हलविण्याचा शब्द द्यावा, आणि तो कायद्यांत कसा बसवावा हें जाणत्या वकिलास विचारावें. शेणखताच्या खर्चाचा निम्मा वांटा आपण उचलावा. बांधावरचीं झाडें तोडण्याच्या अटीऐवजीं राखण्याची अट घालावी, व त्यांच्या उत्पन्नांत त्याला भाग द्यावा. पहिल्या दोन वर्षीं पीक कमी आलें तर ठोका कमी घ्यावा. यांत परोपकार नाहीं. ज्या काळीनें आपल्या आजोबांस शाळेंत घातलें आणि आपल्यास पांढरीवरून शहरांत आणून सोडलें, तिचें हें जुनें देणें आहे. आणि तें फेडावयाचें म्हटल्यास येत्या वैशाखांत, मृगाच्या आधीं, दोन गाड्या खत टाकून सुरुवात करतां येण्यासारखी आहे.